सफरचंद पोखरणारा कोडलिंग मॉथ: अळी फळात शिरण्याआधी तिला कसं गाठायचं

सफरचंद कापलं आणि बियांच्या कप्प्यात ओलसर तपकिरी भुसा, त्यात गुलाबीसर अळी दिसली, तर ते काम बहुतेक वेळा कोडलिंग मॉथचं असतं. शास्त्रीय नाव सायडिया पोमोनेला. पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटर लांब, राखाडी, पंखांवर बारीक आडव्या रेघा. सालीवर बसला की डोळ्यांना सापडत नाही. पंखांच्या टोकाशी तांब्यासारखा चमकणारा तपकिरी डाग ही त्याची पक्की खूण. नाशपाती, अक्रोड आणि क्विन्स यांवरही तो जगतो. त्यामुळे सफरचंदाची काळजी घेतली आणि शेजारचं नाशपातीचं झाड तसंच सोडलं, तर मेहनत वाया जाते.

या किडीबद्दल एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावरच उभे आहेत. अळी आयुष्यात दोनदाच उघड्यावर येते. पहिल्यांदा अंड्यातून निघाल्यापासून फळात शिरेपर्यंत. हे काम काही तासांत, फार तर एका दिवसात उरकतं. दुसऱ्यांदा पूर्ण वाढ झाल्यावर, फळातून बाहेर पडून कोष विणायला जागा शोधताना. मधले तीन-चार आठवडे ती फळाच्या पोटात सुरक्षित असते आणि फळाच्या पृष्ठभागावर बसणारी कुठलीही फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. फळाला भोक दिसल्यावर पंप उचलणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. त्या फळापुरती वेळ तेव्हाच निघून गेलेली असते.

वर्षभराचं चक्र

हिवाळा ही कीड पूर्ण वाढलेल्या अळीच्या रूपात काढते. खोडाच्या सुटलेल्या सालीखाली, झाडाच्या बुडाशी मातीत आणि पाचोळ्यात, लाकडाच्या ढिगात, फळांच्या लाकडी खोक्यांच्या फटीत, फांद्यांना दिलेल्या टेकूंमध्ये जाड रेशमी कोष विणून ती पडून राहते. वसंतात कोषातच तिचं रूपांतर होतं आणि बहर फुलायच्या ते पाकळ्या गळायच्या सुमारास पतंग बाहेर पडू लागतात.

पतंग संध्याकाळचे. सूर्यास्ताच्या आगेमागे काही तास ते उडतात, तेही हवा उबदार असेल तरच. संध्याकाळचं तापमान साधारण १६-१७ अंश सेल्सिअसच्या खाली असलं की मीलन आणि अंडी घालणं जवळजवळ थांबतं. म्हणून थंड, पावसाळी वसंतात कीड उशिरा आणि विस्कळीत येते, तर उबदार वसंतात एकदम उसळते. मादी ३० ते ७० अंडी घालते, एकेक सुटं, फळावर किंवा फळाजवळच्या पानावर. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, चपटं आणि पारदर्शक. पुढे त्यात लालसर कडं दिसतं आणि फुटायच्या आधी अळीचं काळं डोकं.

नवी अळी पांढरट, काळ्या डोक्याची, २ मिलिमीटरच्या आसपास. फळात शिरून ती थेट बियांच्या दिशेने जाते आणि बिया खाते. पूर्ण वाढलेली अळी १२ ते २० मिलिमीटरची, गुलाबी झाक असलेली पांढरी, तपकिरी डोक्याची. थंड प्रदेशात वर्षाला एक पिढी होते, उष्ण प्रदेशात तीन किंवा चारही. पिढ्या वाढल्या की त्या एकमेकींत मिसळतात. उन्हाळ्याच्या शेवटी एकाच झाडावर अंडी, अळ्या आणि पतंग सगळंच एका वेळी सापडतं आणि नेमकी वेळ साधणं अवघड होतं. त्यामुळे सर्वांत जास्त जोर पहिल्या पिढीवर लावायचा. ती मोडली तर पुढचं ओझं बरंच हलकं होतं.

आधी खात्री करा

फळावर दोन प्रकारच्या खुणा दिसतात. एक, खोल भोक आणि त्याच्या तोंडाशी लालसर तपकिरी विष्ठेचा भुसा. हे भोक पुष्कळदा देठाच्या विरुद्ध टोकाच्या खळग्यात, किंवा दोन फळं जिथे एकमेकांना चिकटतात तिथे असतं. दुसरी खूण म्हणजे उथळ टोचा. अळीने कुरतडायला सुरुवात केली आणि ती तिथेच मेली किंवा दुसरीकडे गेली. असं फळ खायला चांगलं असतं, पण टोचा दिसला याचा अर्थ अंडी फुटू लागली आहेत.

फळ कापून अळी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. अळीला डोकं आणि पाय नाहीत आणि गरात वेड्यावाकड्या तपकिरी रेघा आहेत, तर ती फळमाशी. तिचं वेळापत्रक वेगळं. फळ अगदी लहान असतानाच पोखरलेलं आहे, वर फितीसारखा व्रण आहे आणि अळीच्या पोटाला मांसल पायांच्या सात जोड्या आहेत, तर ती सॉफ्लाय. कोडलिंग मॉथच्या अळीला छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या, पोटाला चार आणि शेवटी एक अशा मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. सगळ्यांत फसवणारी ओरिएंटल फ्रूट मॉथची अळी. ती दिसायला जवळजवळ अशीच असते, पण तिच्या शेवटच्या टोकाशी, गुदद्वाराच्या वर, बारीक काळा कंगवा असतो. तो भिंगातून दिसतो. कोडलिंग मॉथच्या अळीला तो नसतो. शिवाय ओरिएंटलची अळी गरात फिरते, तर कोडलिंगची बियांपर्यंत जातेच.

कामगंध सापळा आणि तापमानाची वही

फुलकळ्या गुलाबी दिसू लागल्या की, म्हणजे बहर उमलायच्या आधीच, डेल्टा आकाराचा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढणारा सापळा, टांगा. तो झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात, पानांच्या आत पण तोंडाशी पानं अडणार नाहीत असा असावा. डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या सापळ्यात पतंग कमी येतात आणि कीड नाहीच असा गैरसमज होतो. मोठ्या बागेत साधारण हेक्टरी एक सापळा धरा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला आणि जुनी ल्यूर बागेत टाकून देऊ नका, नाहीतर पतंग तिच्याकडेच जातील. ल्यूर हाताळताना हातमोजे घाला. दुसऱ्या किडीच्या ल्यूरचा वास हाताला असेल तर सापळ्यात भलतेच पतंग येतात.

या ल्यूरमध्ये असतं ते कोडलेमोन, मादीच्या गंधाचा मुख्य घटक. तो १९७१ मध्ये ओळखला गेला. नर त्याकडे खेचले जातात. इथे एक चूक फार जण करतात. सापळ्यात नर अडकले म्हणजे कीड आटोक्यात आली, असं समजून ते थांबतात. तसं होत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि बाहेर राहिलेले नर आपलं काम करतच असतात. सापळ्याचं काम तारीख सांगणं, एवढंच.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा सापळा तपासा. एखादाच पतंग सापडला तर थांबा. सलग दोन तपासण्यांत पतंग मिळाले, की त्यातली पहिली तारीख वहीत लिहा. तिथून अंश-दिवस मोजायचे. रोजचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून १० वजा करा. कमाल २४, किमान १० असेल तर सरासरी १७ आणि त्या दिवसाचे ७ अंश-दिवस. उत्तर उणे आलं तर शून्य लिहा. कमाल ३१ च्या वर गेलं तरी ३१ च धरा, कारण त्यापुढच्या उष्णतेत अळीची वाढ अधिक वेगाने होत नाही. बेरीज १२० ते १४० झाली की पहिली अंडी फुटू लागतात. हीच आपली वेळ. वरच्या उदाहरणासारखे दिवस असतील तर ही वेळ साधारण अडीच ते तीन आठवड्यांनी येते. थंडी पडली तर महिनाही लागतो. दुसऱ्या पिढीची अंडी ६०० अंश-दिवसांच्या आसपास फुटू लागतात, त्यामुळे वही पहिल्या फवारणीनंतर बंद करू नका.

तापमान सावलीत आणि बागेतच मोजा. दूरच्या हवामान केंद्राचा आकडा दोन-तीन अंशांनी वेगळा असू शकतो आणि तीन आठवड्यांत तो फरक साचून अख्खा आठवडा चुकवतो.

सापळा नसेल तर बहर संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी आठवड्यातून दोनदा फळं तपासायला लागा. पहिले टोचे दिसले त्याच दिवशी कामाला लागायचं. ही पद्धत सापळ्याइतकी नेमकी नाही, पण घराजवळच्या दोन-चार झाडांना पुरते.

विरळणी, वेचणी आणि पिशवी

दोन-चार झाडं असतील तर औषधाच्या आधी हात वापरा. प्रत्येक घोसात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत १५ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहू द्या. चिकटलेल्या फळांमधली फट ही अळीची आवडती शिरण्याची जागा असते. तिथे पक्ष्यांची नजर पोचत नाही आणि फवारणीही. विरळणी करताना टोचलेली फळं आधी काढा, चांगली ठेवा. त्यानंतर दर आठवड्याला झाड फिरून भुसा दिसणारं प्रत्येक फळ तोडा.

गळालेली फळं रोज, निदान दिवसाआड वेचा. पडलेल्या फळातली अळी तिथे फार काळ थांबत नाही. ती निघून खोडाकडे जाते. तोडलेली आणि वेचलेली फळं झाडाखालच्या थंड कंपोस्ट खड्ड्यात टाकणं म्हणजे अळीला सुखरूप घरी सोडणं. ती जाड, बंद प्लास्टिक पिशवीत भरून कडक उन्हात ठेवा, किंवा झाकणाच्या बादलीत आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा.

फळांना पिशव्या घालणं हा छोट्या बागेसाठी सर्वांत खात्रीचा उपाय. कष्टाचा आहे, त्यामुळे झाड बुटकं असेल तरच जमतो.

१. बहरानंतर ४ ते ६ आठवड्यांनी, फळ १२ ते २५ मिलिमीटरचं असताना सुरुवात करा. आणखी उशीर केला तर अळी पिशवीच्या आतच राहते.

२. घोसात एकच फळ ठेवा आणि ते निकोप असल्याची खात्री करा.

३. साधारण १० गुणिले १८ सेंटिमीटरची साधी कागदी पिशवी घ्या. तळाच्या घडीवर ५ सेंटिमीटरची चीर पाडा.

४. चिरेतून फळ आत सरकवा. चीर देठाभोवती घट्ट बसली पाहिजे. इथे फट राहिली की सगळं व्यर्थ.

५. पिशवीचं उघडं तोंड दुमडून स्टेपल करा.

पिशवीमुळे पिकण्याची वेळ बदलत नाही, पण लाल वाणांवर रंग भरत नाही. रंग हवा असेल तर तोडणीआधी काही दिवस पिशवी काढा.

खोडाभोवती पुठ्ठ्याचा पट्टा

हा उपाय अळीला दुसऱ्यांदा, फळातून बाहेर पडल्यावर गाठतो. पन्हळी पुठ्ठ्याचा १० ते १५ सेंटिमीटर रुंद पट्टा कापा. पन्हळी उभ्या असल्या पाहिजेत, म्हणजे खालून आणि वरून येणाऱ्या अळीला नळ्यांची तोंडं मोकळी मिळतात. पट्टा जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर खोडाला घट्ट बांधा. त्याआधी खोडाची सुटलेली साल बोथट खरवडणीने काढा, हिरवी साल दुखावू न देता. अळीला लपायला सालीखाली जागा असेल तर ती पुठ्ठ्याकडे कशाला येईल? म्हणूनच गुळगुळीत सालीच्या झाडांवर हा उपाय चांगला चालतो, खडबडीत जुन्या खोडांवर कमी.

पहिल्या पिढीच्या अळ्या फळं सोडायच्या आधी पट्टा लावा आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला-दोन आठवड्यांना तो काढून जाळा किंवा नष्ट करा. नवा लावा. इथे विसर पडला तर पट्टा उलट नुकसान करतो. आपणच बांधून दिलेल्या घरातून पतंग बाहेर पडतात. शेवटचा पट्टा हिवाळ्यात काढा, वसंताच्या आधी. बऱ्याच अळ्या मातीत किंवा इतरत्र कोष करतात, त्यामुळे एकट्या पट्ट्याने कीड आवरत नाही. पक्षी मात्र इथे मोठी मदत करतात. सुतार आणि टिट पक्षी हिवाळाभर सालीतल्या अळ्या टिपतात.

फवारायचं असेल तर

जैविक उपायांत सर्वांत नेमका ग्रॅन्युलोव्हायरस. याचं मूळ १९६० च्या दशकात मेक्सिकोत आजारी अळ्यांमध्ये सापडलं. हा विषाणू कोडलिंग मॉथ आणि त्याच्या अगदी जवळच्या नातलगांपलीकडे कुणाला बाधत नाही. माणूस, मधमाशी, मित्रकीटक सगळे सुरक्षित. पण अळीने तो खाल्ला तरच उपयोग, आणि ती खाते ते शिरताना कुरतडलेल्या पहिल्या एक-दोन घासांत. म्हणून अंडी फुटायच्या सुरुवातीलाच फळांवर त्याचा थर हवा. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं त्याला आठवडाभरात निकामी करतात, त्यामुळे संध्याकाळी फवारा आणि अंडी फुटत राहतील तोवर ७ ते १० दिवसांनी पुन्हा. बाटली थंड जागी ठेवा. गरम गाडीत विसरलेली बाटली फवारणं म्हणजे पाणी फवारणं. विषाणू अळीला लगेच मारत नाही, म्हणून उथळ टोचे दिसतच राहतील. त्यावरून औषध चाललं नाही असं ठरवू नका, फळ कापून आत पाहा. एकाच विषाणूवर वर्षानुवर्षं विसंबलेल्या युरोपातल्या काही बागांत त्यालाही न जुमानणाऱ्या अळ्या तयार झाल्या. आलटूनपालटून उपाय वापरण्याचं कारण तेच.

स्पिनोसॅड हे जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक जोरकस आहे, पण ओलं असताना मधमाश्यांना विषारी. बहरात ते कधीच नाही, आणि झाडाखाली फुललेलं तण असेल तर आधी ते कापा. फवारणी मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. बागायती तेलाचं १ टक्का द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात १० मिलिलिटर, अंड्यांना गुदमरवतं. पण ते ३२ अंशांच्या वर, पाण्याचा ताण असलेल्या झाडावर किंवा गंधक फवारल्यावर लगोलग वापरलं तर पानं भाजतात. काओलिन मातीचा पांढरा थर पाकळ्या गळताच सुरू करून आठवड्याला राखला, तर माद्या अंडी घालायला बिचकतात. हा थर पावसाने धुतला की पुन्हा द्यावा लागतो आणि त्याच्या आडून कधी कधी कोळी कीड आणि खवले कीड वाढते. बीटी जिवाणूचा मोह टाळा. पानं खाणाऱ्या अळ्यांवर तो उत्तम, पण ही अळी बाहेर इतकं कमी खाते की पुरेशी मात्रा तिच्या पोटात जातच नाही.

मात्रा आणि तोडणीपूर्वीचा थांबा लेबलप्रमाणेच ठेवा. फवारणीचा नेम फळांवर हवा, विशेषतः वरच्या फांद्यांवर. माद्या तिथे जास्त असतात आणि पंपाचा झोत तिथेच कमी पोचतो. जुन्या बागेची जमीन नव्याने वापरात घेत असाल तर मातीची तपासणी करून घ्या. एके काळी याच किडीवर शिसे आणि आर्सेनिकचं मिश्रण, लेड आर्सेनेट, वर्षानुवर्षं फवारलं जात असे. ते दोन्ही मातीत अजूनही सापडतात.

शरद ऋतूत सूत्रकृमीही, म्हणजे अळीत शिरून तिला मारणारे सूक्ष्म कृमी, कामी येतात. सालीत नुकत्या शिरलेल्या अळ्यांवर स्टायनरनेमा फेल्टिए ही जात हवेचं तापमान १० अंशांच्या वर असताना, स्टायनरनेमा कार्पोकॅप्से ही जात १५ च्या वर असताना सोडा. खोड आधी भिजवा, पंपातली बारीक जाळी काढा, संध्याकाळी फवारा आणि पुढचे काही तास साल ओली ठेवा. साल सुकली की सूत्रकृमी मरतात. पावसाळी संध्याकाळ याला सर्वांत चांगली.

मोठ्या सलग बागेत, ४ हेक्टरच्या पुढे, कामगंधाने मीलनच गोंधळवण्याची पद्धत परवडते. झाडाच्या शेंड्याजवळ गंध सोडणारे तुकडे टांगले की नराला मादी सापडत नाही. लहान जागेत मात्र शेजारच्या बागेतून आधीच मीलन झालेल्या माद्या उडत येतात आणि उपाय फोल ठरतो. अशा पद्धतीच्या बागेत साधी ल्यूर काही पकडत नाही, म्हणून नाशपातीच्या वासाचा घटक मिसळलेली ल्यूर वापरा. तिच्याकडे माद्याही येतात. कॅनडातल्या ओकानागन खोऱ्यात १९९० च्या दशकापासून वंध्य केलेले पतंग सोडून संपूर्ण खोऱ्याची कीड खाली आणली गेली. सोडलेल्या पतंगांच्या शरीरात खाद्यातून लाल रंग उतरवलेला असतो, म्हणजे सापळ्यात मिळालेला पतंग आपला की रानचा हे चिरडून पाहिलं की कळतं.

तोडणी झाली की झाडावर राहिलेली सुकी फळंही उतरवा. वापरलेली लाकडी खोकी आणि टेकू झाडांपासून दूर, बंद खोलीत ठेवा आणि वसंतात त्या खोलीत एक सापळा टांगून बघा. बागेतल्या झाडांवर कमी आणि या खोलीत भरपूर पतंग मिळाले, तर कीड कुठून येते ते समजलं.